पसारा रोजचा, आवरणेही रोजचे



"अरे, हा पसारा कोण आवरणार?" हे वाक्य ऐकले नाही असे आपल्या वर्गात एकही मूल नसेल. एरवी घरात इंग्रजी चालत असले तरी आईबाबा रागावले की हे वाक्य मराठीतच येते. म्हणून आज या वाक्यातल्या दोन शब्दांपासूनच सुरुवात करू या.

'पसरणे' या क्रियापदाशी 'पसारा' या शब्दाचे नाते आहे. वस्तू आपापली जागा सोडून पसरल्या की पसारा होतो. 'आवरणे' म्हणजे जे पसरले आहे ते पुन्हा आपल्या जागी, आपल्या मर्यादेत आणणे. हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो पाहा. खोली आवरायची असते. शाळेची बस यायच्या आधी आई "लवकर आवर" म्हणते, तेव्हा दात घासणे, अंघोळ, कपडे हे सगळे त्यात येते. भावंडांचे भांडण झाले की आजी फोनवरून सांगते, "राग आवर." आता विचार करा, वर्षातून एकदाच राग आवरला तर चालेल का? किंवा महिन्यातून एकदाच दात घासले तर? नाही ना! घर आवरण्याचेही तसेच आहे. ते थोडे थोडे आणि रोजच करायचे काम आहे. ते कसे करायचे, आणि मुळात रोज का करायचे, हे या लेखात आपण समजून घेऊ.

१६० चौरस फुटांचे घर

मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या भागांत इंग्रजांच्या काळात, १९२० च्या दशकात, सरकारने मोठ्या चाळी बांधल्या. बांधणाऱ्या खात्याचे नाव होते 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'. त्याच्या आद्याक्षरांवरून त्यांना बी.डी.डी. चाळी म्हणू लागले. एकूण २०७ इमारती. प्रत्येक इमारतीत तळमजला आणि वर तीन मजले, मिळून ८० खोल्या. आणि एकेका कुटुंबाला एक खोली, १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून.

१६० चौरस फूट म्हणजे किती? ड्राइव्हवेवर खडूने १६ फूट लांब आणि १० फूट रुंद चौकोन आखून पाहा. तेवढ्यात आई, बाबा, आजी, तीन-चार मुले आणि कधी कधी गावाहून आलेला काकाही राहत असे. अशा एका खोलीच्या घरांत गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. आपल्यापैकी काही पालकांचे बालपणही मुंबईच्या अशा कुठल्या ना कुठल्या चाळीत गेले असेल.

आता त्या खोलीचा दिवस पाहा. रात्री ती झोपायची खोली. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणांच्या वळकट्या करून त्या कोपऱ्यात किंवा पोटमाळ्यावर गेल्या नाहीत, तर चहा प्यायला बसायला जागाच नाही! मग तीच खोली स्वयंपाकघर. जेवणे झाली की खरकटे काढून जमीन पुसून घ्यायची, कारण थोड्या वेळाने तिथेच मुलांचा अभ्यास. दप्तर खुंटीवर, कपडे दांडीवर, डबे फळीवर, ट्रंक पलंगाखाली. एखादी वस्तू जागेवर गेली नाही, तर पुढचे काम अडत असे. म्हणजे त्या घरात रोज आवरण्याची सवय कोणी भाषण देऊन लावली नव्हती. ती खोलीनेच लावली होती.

चाळीचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र विसरायची नाही. त्या खोलीतले बहुतेक काम बाईमाणसांच्या वाट्याला येत असे. पहाटे पाणी भरण्यापासून रात्रीची भांडी घासण्यापर्यंत. शिवाय इतक्या कमी जागेत राहणे ही कोणाची आवड नव्हती, ती अडचण होती. आता या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा त्यांना आनंदच झाला असणार. आपल्याला चाळीकडून फक्त एक गोष्ट शिकायची आहे: आवरणे हे वेगळे काम नव्हते, ते दिवसाच्या कामातच बसवलेले होते.

१५ खोल्यांचे घर

आता अल्फारेटाकडे येऊ. समजा, आपले घर २,४०० चौरस फुटांचे आहे. भागाकार करा: २,४०० ÷ १६०. उत्तर आले १५! म्हणजे चाळीतल्या पंधरा कुटुंबांची जागा आपल्या एका कुटुंबाला आहे. मग आपल्याकडे पसारा होऊच नये. पण होतो, आणि भरपूर होतो. असे का?

कारण आपल्या घरात पसाऱ्यामुळे काहीच अडत नाही. जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग झाला तर आपण काउंटरजवळ बसून जेवतो. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर झाला तर गालिच्यावर बसतो. एक खोली भरली की दुसरी आहे, ती भरली की बेसमेंट आहे, तेही भरले की गॅरेज आहे. मोटार बाहेर उन्हात उभी आणि गॅरेजमध्ये रिकामी खोकी, असे दृश्य आपल्या वस्तीत काही नवे नाही. पॉटलकला पाहुणे यायच्या आधी सगळे उचलून एका बेडरूममध्ये कोंबायचे आणि दार ओढून घ्यायचे, ही कलाही पुष्कळ घरांत अवगत आहे!

थोडक्यात, लहान घर पसारा लगेच दाखवते आणि मोठे घर तो लपवते. चाळीत जे काम खोली करत होती, ते मोठ्या घरात आपल्यालाच ठरवून करावे लागते.

सगळे शनिवारीच का करू नये?

हा प्रश्न आमच्या मुलांनी विचारला, आणि तो रास्त आहे. आम्ही इंजिनिअर, म्हणून गणित मांडून पाहिले.

समजा, घरात चार माणसे आहेत आणि प्रत्येक जण दिवसातून १० वस्तू जागेवर न ठेवता सोडतो. दिवसाला झाल्या ४० वस्तू आणि आठवड्याला २८०. एक वस्तू जागेवर ठेवायला १० सेकंद धरू. रोज आवरले तर ४०० सेकंद, म्हणजे सात मिनिटांपेक्षा थोडे कमी. चौघांनी मिळून केले तर प्रत्येकाला दोन मिनिटेही लागत नाहीत. शनिवारी एकदम केले तर २,८०० सेकंद, म्हणजे सुमारे ४७ मिनिटे. मुले म्हणाली, "बेरीज तर तीच आली!" बरोबर आहे. पण खऱ्या घरात ती तीच राहत नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, गोष्टी वाळतात. वरण-भाताचे ताट जेवल्याबरोबर पाण्याखाली धरले तर सगळे निघून जाते. तेच रात्रभर राहिले तर भातातला स्टार्च वाळून खळीसारखा चिकटतो आणि घासून घासून हात दुखतात. हळदीचे तर विचारूच नका! हळदीत कर्क्युमिन नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. आमटी सांडल्याबरोबर पुसली तर डाग कमी पडतो, नाहीतर तो काउंटरवर मुक्कामाला राहतो. (एक गंमत: हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालसर होतो. घाबरू नका. कापड धुऊन कडक उन्हात वाळत घाला, डाग फिका पडत जातो. आजीला ही युक्ती ठाऊक असते. सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचे विघटन होते, हे त्यामागचे विज्ञान आहे.)

दुसरे कारण, गोष्टी हरवतात. मंगळवारी सोफ्याखाली गेलेली लायब्ररीची गोष्टीची पुस्तके शनिवारपर्यंत कोणाच्या लक्षात राहतात? मग ठेवायला १० सेकंद आणि शोधायला १५ मिनिटे.

तिसरे कारण, पसाऱ्याला पसारा बोलावतो. रिकाम्या टेबलावर पहिला कागद ठेवताना हात जरा थबकतो. पण दहा कागद पडलेले असले की अकरावा सहज पडतो.

आमच्या कामातही हेच दिसते. संगणकाचा प्रोग्रॅम घाईघाईत लिहिला आणि नंतर नीट केला नाही, तर पुढचा प्रत्येक बदल अवघड होत जातो. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९२ मध्ये याला कर्जाची उपमा दिली. थोडे कर्ज लवकर फेडले तर बिघडत नाही. पण फेडले नाही तर व्याज चढत जाते. घरातला पसाराही असेच उधारीचे काम आहे. आज न उचललेली वस्तू उद्या व्याजासकट उचलावी लागते. शनिवारची सकाळ अशी व्याज भरण्यात गेली की त्यासोबत आरडाओरडाही होतो, आणि मराठी वर्गाला यायला उशीर होतो तो वेगळाच!

सवयीला खुंटी हवी

"रोज करा" असे म्हणणे सोपे आहे. पण लक्षात कसे राहणार? भिंतीवर नुसती पिशवी फेकली तर ती खालीच पडेल. तिला अडकवायला खुंटी लागते. नव्या सवयीलाही अशी खुंटी लागते. आपण रोज न चुकता करतो अशी एखादी गोष्ट घ्यायची, आणि नवी सवय तिला अडकवायची. "मी रोज खोली आवरीन" हा नुसता संकल्प झाला. "दात घासून झाले की मी आदल्या दिवशीचे कपडे टोपलीत टाकीन" ही खुंटी झाली.

यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एखादी लहानशी नवी सवय निवडली आणि दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला ती जोडली, उदाहरणार्थ, न्याहारीनंतर. ती सवय मुद्दाम आठवण न करता, आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात, हे १२ आठवडे नोंदी ठेवून तपासले. उत्तरे फार निरनिराळी आली. कोणाला १८ दिवस, तर कोणाला हिशेबाने २५४ दिवस लागतील असे दिसले. मधला आकडा होता ६६ दिवस. आणि आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही.

६६ दिवस म्हणजे किती, हे लक्षात ठेवायची एक मराठी युक्ती सांगतो. गणेशचतुर्थी भाद्रपदात शुद्ध चतुर्थीला येते आणि तुळशीचे लग्न कार्तिकात शुद्ध द्वादशीपासून लागते. मध्ये अधिक महिना आला नाही तर हे अंतर साधारण ६७ दिवसांचे असते. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले आणि तुळशीचे लग्न २ नोव्हेंबरला होते. मोजून पाहा! म्हणजे गणपती बसतात त्या दिवशी एक लहान सवय सुरू करायची आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ती सांभाळायची. दिवाळीची साफसफाई मध्येच येते, ती यंदा किती हलकी झाली हेही तेव्हा कळेल.

नोंद ठेवायला भिंतीवरचे कालनिर्णय उत्तम. १९७३ पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेवर महाराष्ट्रात घरोघरी दुधाचा हिशेब आणि कामवाल्या बाईंचे खाडे लिहीत आले आहेत. 'खाडा' म्हणजे न आलेला, चुकलेला दिवस. आपणही सवय पाळली त्या दिवशी बरोबरची खूण करायची आणि चुकली त्या दिवशी 'खा' लिहायचे. खाडा झाला म्हणून नोकरी जात नाही. दुसऱ्या दिवशी कामावर यायचे, एवढेच.

आमच्या घरच्या सहा खुंट्या

आमच्या घरी ज्या सवयी टिकल्या त्या खाली देत आहोत. सगळ्या एकदम सुरू करू नयेत. एक रुळली की दुसरी घ्यावी.

१. दार. आपल्याकडे चपला बाहेर काढूनच घरात येतात. पण इथे आपण पुढच्या दाराने फारसे येतच नाही, गॅरेजच्या दाराने येतो. म्हणून चपला-बुटांची टोपली गॅरेजच्या दाराशी हवी. पुढच्या दाराशी ठेवलेला सुंदर रॅक फक्त पाहुण्यांच्या उपयोगी पडतो! जॉर्जियात ही सवय दुप्पट महत्त्वाची आहे. इथली माती लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल आहे, आपल्या कोकणातल्या मातीसारखी, आणि ती गालिच्याला लागली की सहजासहजी निघत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचे पिवळे पराग मोटारींवर, अंगणात, सगळीकडे साचतात. २९ मार्च २०२५ रोजी अटलांटाच्या दर घनमीटर हवेत १४,८०१ परागकण मोजले गेले. तोपर्यंतचा तो सर्वांत मोठा आकडा होता. हे सगळे दाराशीच थांबवलेले बरे.

२. दप्तर आणि डबा. शाळेतून आले की दप्तर खुंटीवर आणि डबा सिंकमध्ये. डबा उघडून, पाणी घालून ठेवायचा. शुक्रवारी दप्तरात राहिलेला डबा सोमवारी कसा लागतो, ते इथे लिहीत नाही!

३. टपाल. पत्रपेटीतून आणलेली जाहिरातीची पत्रके काउंटरवर ठेवायचीच नाहीत. रिसायकलिंगच्या डब्याशी उभे राहूनच निवडायची. खरी पत्रे एकाच ट्रेमध्ये. हे काम आठ-नऊ वर्षांची मुले छान करतात.

४. जेवण. प्रत्येकाने आपले ताट स्वतः उचलायचे, उष्टे कचऱ्यात टाकून ताट विसळायचे. शेवटी उठेल त्याने टेबल पुसायचे. (ही सवय लागल्यापासून आमच्याकडे कोणी शेवटी उठत नाही.)

५. दिवेलागण. पूर्वी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी केर काढून घेत. दिवे लागल्यावर केर काढला तर लक्ष्मी जाते, असे म्हणत. मंद उजेडात एखादी बारीक मोलाची वस्तू केराबरोबर जाईल, ही भीती त्यामागे असावी, असे जुनी माणसे सांगतात. आपल्याकडे विजेचे दिवे आहेत, पण संध्याकाळची ही वेळ फार सोयीची आहे. देवाजवळ दिवा लावून शुभंकरोति म्हणून झाले की आम्ही एक मराठी गाणे लावतो. गाणे चालू आहे तोपर्यंत सगळ्यांनी मिळून बैठकीची खोली आवरायची. गाणे संपले की काम संपले. गाणे निवडायची पाळी रोज एकेकाची. मुले आता मुद्दाम लांब गाणे निवडून आम्हाला दमवतात.

६. अंथरूण. उठल्याबरोबर पांघरुणाची घडी. वळकटीची गरज इथे नाही, पण पलंग नीट दिसला की निम्मी खोली आवरल्यासारखी वाटते. पाच वर्षांच्या मुलालाही हे जमते. घडी वाकडी झाली तर मोठ्यांनी ती पुन्हा घालू नये. वाकडी घडीसुद्धा घडीच असते.

प्रत्येक वस्तूला पत्ता

या सगळ्याच्या आधी एक काम मात्र एकदा करावे लागते. "जागेवर ठेव" असे आपण म्हणतो, पण जागा ठरलेली आहे का? संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक माहितीला पत्ता असतो, म्हणून ती क्षणात सापडते. घरातल्या वस्तूंनाही पत्ता हवा. कात्री कुठे राहते? चार्जर कुठे राहतो? एखाद्या वस्तूला पत्ताच देता येत नसेल, तर ती आपल्याला हवी आहे का, हा प्रश्न विचारावा.

पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत काम केलेल्या आजोबांना 'फाइव्ह एस' म्हणजे काय, असे विचारा. जपानी कारखान्यांतून आलेले ते पाच नियम आहेत: नको ते वेगळे काढा, हवे ते जागेवर लावा, स्वच्छ ठेवा, पद्धत ठरवा आणि शिस्त पाळा. सफाई तिसऱ्या क्रमांकावर आहे, हे लक्षात घ्या. आधी निवड आणि जागा, मग झाडू.

पत्ता लिहायचा तर तो मराठीतच लिहा. 'मोजे', 'रंगपेट्या', 'कात्री व चिकटपट्टी', 'विजेऱ्या' अशा चिठ्ठ्या खणांवर लावल्या तर आवरता आवरता देवनागरी वाचनही होते.

हे काम कोणाचे?

आता थोडे पालकांशी, आणि मोठ्या मुलांशीही.

आपण मुलांना सहज सांगतो, "आईला मदत कर." वाक्य चांगले आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की काम मुळात आईचे आहे आणि बाकीचे उपकार करत आहेत. ताट ज्याने वापरले त्याचे, मोजे ज्याने काढले त्याचे. यात मदत कसली? आमच्या घरी आम्ही हे वाक्य बदलून "आपले काम कर" असे म्हणतो. आणि हे बाबांनी आधी करून दाखवावे लागते. बाबा जेवून सोफ्यावर आणि मुलाला मात्र टेबल पुसायला सांगितले, तर मूल बोलत नाही, पण पाहत असते.

आपल्यातले पुष्कळ जण भारतात अशा घरांत वाढले, जिथे केर-फरशी आणि भांडी करायला बाई येत. त्यामुळे केर काढणे हे हलके काम, दुसऱ्या कोणाचे तरी काम, अशी समजूत नकळत मनात बसते. ती काढून टाकायला गाडगेबाबांची आठवण पुरेशी आहे.

गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात झाडू आणि जवळ मातीचे फुटके गाडगे, म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात आले की ते आधी झाडू घेऊन गाव स्वच्छ करत आणि रात्री कीर्तन करत. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, कर्ज काढून सण करू नका, असे ते कीर्तनातून सांगत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी घर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र सरकारने २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले. ज्या हातात झाडू होता त्याच हातांना लोक नमस्कार करत, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. ही केरसुणी शिंदीच्या पानांची असते आणि ती बांधणे हे मातंग समाजाचे परंपरागत कौशल्य आहे. ज्या वस्तूची वर्षातून एकदा पूजा करतो, ती उरलेले दिवस हातात धरायला लाज कसली?

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. केर, केरसुणी, खरकटे, वळकटी, घडी, विसळणे, निथळणे हे शब्द पुस्तकात वाचून टिकत नाहीत. ते काम करता करता कानावर पडतात आणि तोंडात बसतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजात 'केर' हा शब्द हरवला, तर तो शनिवारच्या एका तासाच्या वर्गात परत आणणे अवघड आहे. रोजच्या सात मिनिटांत मुले घर आवरतील आणि त्याबरोबर पन्नास-साठ मराठी शब्दही वापरतील. मोठी होऊन कॉलेजच्या वसतिगृहात जातील, तेव्हा दोन्ही गोष्टी त्यांच्याबरोबर जातील. हा फायदा आम्हाला स्वच्छ टेबलापेक्षा मोठा वाटतो.

शब्दार्थ

उष्टे – खाऊन उरलेले, तोंड लागलेले अन्न
खरकटे – भांड्याला किंवा जागेला लागलेले शिजवलेले अन्न
केर – झाडून गोळा केलेली धूळ आणि कचरा
वळकटी – गुंडाळून ठेवलेले अंथरूण
पोटमाळा – खोलीतच छताखाली सामानासाठी केलेला माळा
दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ
विसळणे – पाण्याने वरवर धुणे
निथळणे – ओल्या वस्तूतले पाणी गळून जाणे
खाडा – कामावर न आलेला दिवस

पुढच्या शनिवारपर्यंतचा उपक्रम

१. 'आवरणे' हे क्रियापद वेगवेगळ्या अर्थांनी वापरून चार वाक्ये लिहा.
२. आपल्या खोलीतल्या पाच वस्तूंना पत्ता द्या आणि मराठीत चिठ्ठ्या लावा.
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा: तुमच्या लहानपणी घरात किती माणसे होती, किती खोल्या होत्या आणि अंथरुणे दिवसा कुठे ठेवत? उत्तर पाच ओळींत लिहून आणा.
४. एक खुंटी निवडा. सात दिवस कालनिर्णयवर खूण करा. खाडे प्रामाणिकपणे लिहा!

"हात फिरे तेथे लक्ष्मी शिरे" अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्या घरात रोज हात फिरतो तिथे लक्ष्मी येते. फक्त तो हात रोज एकाच माणसाचा नसावा, एवढे सगळ्यांनी मिळून पाहू या.

– वर्गातील एक पालक